मी टेकावर गेले की खोलीत कोण येतं?

गुरुवार, ३ जुलै

मशीन चालू केलं, लोगो आला, आणि मग अंधार. पंखा फिरतोय. कॅप्स लॉक दाबलं की दिवा लागतो, म्हणजे जीव आहे. तोंड तेवढं दाखवत नाही. बंद केलं, चालू केलं, पुन्हा अंधार. मुडदा बशिवला त्याचा.

आत्ताच व्हायचं होतं हे. त्या मुलाखती ऐकून, टाइप करून महिनाअखेर ऑफिसला द्यायच्यात. मराठी, कानडी, कोकणी सगळी खिचडी. बोलणारा एका वाक्यात तिन्हीकडे फिरून येतो, आणि ते ऐकून टाइप करणारी दुसरी बाई ऑफिसला मिळेना म्हणून माझ्याकडे आलं. ऑफिसातल्या मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, हे गावात बसून वेळेवर दिलंत तर पुढचंही गावात बसून करा. नाही तर बेळगावला येऊन ऑफिसात बसा. म्हणजे परत ते हॉस्टेल, परत ती लोखंडी कॉट. नको गं बाई. अर्धं आयुष्य तिथं काढलं. आता कुठं अप्पांच्या खोलीत टेबल मांडलंय.

आई दारात येऊन उभी. "काय झालं गे, सुमे?"

म्हटलं, "वल धरली असंल पावसाची. वल लागली की ही मशिनं मरतात."

"व्हय?" म्हणाली आणि बराच वेळ कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघत राहिली.

शुक्रवार, ४ जुलै

घरात रेंज नाही. मागच्या टेकावर, काजूखाली उभं राहिलं की दोन कांड्या येतात. रोज दुपारी मी तिथंच जाऊन मोबाइलवरून फाइली पाठवते, नव्या उतरवून घेते. आज तिथून फरीदाला फोन. बेळगावच्या ऑफिसातली माझी शेजारीण, तिथली सगळी मशिनं तीच बघते. हे लिनक्सही तिनंच घालून दिलेलं. एका हातात छत्री, एका हातात फोन, पायाला जळवा.

तिनं सांगितल्याप्रमाणे घरी येऊन केलं. सुरू होताना शिफ्ट दाबून धरायचं, यादी येते, तिथं e, मग linux ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी nomodeset असं लिहायचं, F10. आलं! अक्षरं ही ढब्बू ढब्बू, सगळं फुगल्यासारखं, खरं आलं. याचा अर्थ ग्राफिक्स कार्डाला काही करायला सांगू नकोस, साधं चित्र दाखव, असा. काम चालतंय. काम चालू दे.

शनिवार, ५ जुलै

फ. विचारत होती, "अपडेट केलीस काय मध्ये?"

"कुठनं करू? नेट कुठं हाय हितं?"

"काही नवीन घातलंस?"

"न्हाई."

"मग गे? लिनक्स उगंच आपोआप बिघडत नाही. कुणीतरी हात लावलाय बघ."

हसत म्हणाली ती. मला काही हसू आलं नाही. टेकावरून उतरताना तेच डोक्यात. हात कोण लावणार? घरात आई, धाकटा भाऊ विष्णू आणि त्याची बायको रेणुका. मी तिघांनाही बजावलंय, या रेकॉर्डिंगांतली माणसं आपली नावं बाहेर कळू नयेत म्हणून आमच्याशी बोललीत, तेव्हा माझ्या मागे खोलीत कुणी पाय टाकायचा नाही.

सोमवार, ७ जुलै

आज निराळंच. लोगोही नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं आणि खाली नुसतं (initramfs), पुढं टिमटिम. सगळं गेलं असंच वाटलं.

टेकावर पळाले. फ. म्हणाली, रडू नको, वर काय लिहिलंय वाच. खाली येऊन वाचलं तर लिहिलं होतं की डिस्क गडबडलीय, हातानं fsck चालव. चालवलं. ते दर वेळी विचारतं, दुरुस्त करू? आपण म्हणायचं y. पुन्हा y. शेवटी शेवटी मी y नुसतं दाबूनच धरलं. मग exit. आलं. शनिवारी टाइप केलेली एक अख्खी मुलाखत मात्र नाही. सुपारीच्या कुळागरातल्या म्हातारीची. अडखळत, रडत बोललेली. ती आता परत सगळी ऐकायची.

फ.नं फोनवर विचारलं होतं, "मशीन नीट बंद करतेस की तशीच वायर ओढतेस?"

मी! मी वायर ओढेन! मी तर टेकावर जाताना बंदसुद्धा करत नाही. ते पुन्हा चालू व्हायला घटकाभर घेतं, म्हणून पडद्याला कुलूप घालते आणि जाते. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

बुधवार, ९ जुलै

फ.ने मागचा जर्नल बघायला शिकवलं. मशीन स्वतःशी काय काय बोलतं ते त्यात असतं. नीट बंद झालं की शेवटी हे थांबवलं, ते थांबवलं, चला येतो, असं सगळं लिहितं. इथं तसं काही नाही. बोलता बोलता एकदम गप्प. गळा दाबल्यासारखं. शुक्रवारी, शनिवारी, आणि कालही. आणि दर वेळी मी टेकावर असताना.

रात्रीच्या जेवणाला सहज विचारलं, "दुपारी करंट गेला होता काय?"

आई म्हणाली, "गेला असंल." रेणुका म्हणाली, "न्हाई, मी मिक्सर लावला होता की." आईनं भात वाढायला घेतला.

आणि करंट गेला तरी यूपीएस आहे. ते कोकलतं, मशीन मरू देत नाही. म्हणजे यूपीएसचंच बटण कुणीतरी दाबतं.

गुरुवार, १० जुलै

हे लिहूनच ठेवते.

टेकावरून आज लवकर उतरले, वीज चमकायला लागली म्हणून. अंगणातून बघते तर माझ्या खोलीच्या दारात विष्णू, आणि बरोबर एक अनोळखी माणूस. रेनकोट, हातात टॉर्च. वि. खिडकीकडे बोट करून सांगतोय आणि तो मान हलवतोय. मला बघितल्यावर दोघंही बाहेर.

"कोण रे तो?" असं मीच विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. वि. तसाच शेताकडे गेला.

मी काय आंधळी आहे? जोयड्याच्या बाजूला ज्याच्या त्याच्या घरावर होमस्टेच्या पाट्या लागल्यात. बेंगळूरची माणसं पाऊस बघायला येतात. पाऊस बघायला! आमच्या अंगणात छत्र्या धरून फोटो काढतात. घरातली चांगली खोली एकच, डोंगर दिसतो ती. त्या खोलीत कोण आहे? मी आहे. मशीन चालेना झालं की मी कुठं जाईन? बेळगावला जाईन. दोन अधिक दोन मला येतं.

लहानपणी याला मी कडेवर घेऊन शाळेत नेलाय.

रविवार, १३ जुलै

सापळे.

एक, डब्याच्या झाकणावर माझा केस थुंकीनं चिकटवला. दोन, आतल्या रॅमच्या पट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, कुणी बदलली तर कळावी. तीन, उंबऱ्याच्या आत तांदळाचं पीठ बारीक भुरभुरलं.

टेकावरून आले. केस नाही. पिठात कोंबडीचे पाय. खोलीभर कोंबडीचे पाय. पिठाचा पुरावा तिनं जवळजवळ सगळा खाल्ला होता. मशीन बंद.

रेणुका दारातून, "अक्का, पीठ कशाला सांडलंय हो?"

"मुंग्यांसाठी."

बघतच राहिली. बघू दे.

सोमवार, १४ जुलै

आता तर मॉनिटरच म्हणतो नो सिग्नल. आणि डबा ओरडतो, पीं पीं पीं. फ. म्हणाली रॅम. काढ, खोडरबरानं तिचे सोनेरी दात पूस, परत बसव.

काल ठिपका लावताना घाईत नजर गेली नव्हती, आज झाकण उघडलं आणि बघतच राहिले. आत सगळीकडे काळपट, चिकट. बोटाला लागतं. पंख्याच्या पात्यांवर तर थरच. मे महिन्यात मी स्वतः पुसलं होतं, तेव्हा धूळ होती, ही अशी काजळी नव्हती. वास धुराचा. नाक लावून लावून हुंगलं. चुलीच्या घरात सगळ्यालाच धुराचा वास, खरं हे डब्याच्या आत कसं?

बिडी. दुसरं काय. वि. म्हणतो सोडली. बायकोपुढे सोडली असेल.

रॅम पुसली, बसवली. चालू झालं. नेलपॉलिशचा ठिपका जागेवर आहे.

बुधवार, १६ जुलै

काल सबंध दिवस पुन्हा पीं पीं. आज डबा खताच्या पिशवीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं रामनगरला गेले. कंडक्टर म्हणतो, "बाई, काय हाय? टीव्ही?" म्हटलं, माझं पोट आहे.

दुकानदार चुणचुणीत. बघितलं, आणि म्हणाला, "हे लिनक्स हाय व्हय. काढून टाकतो, विंडोज घालतो. ठेवून जावा, परवा या."

"आणि आतलं माझं काम?"

"ते जातंय की."

जातंय की म्हणे! मी तिथंच स्टूल ओढून बसले. म्हटलं, माझ्यासमोर काय करायचं ते करा, आतल्या अक्षराला हात लावायचा नाही. वैतागला, खरं ब्लोअर मारला. काळी पूड उडाली, शिंकला. रॅम पुसून बसवली, तार लावली. पहिल्या फटक्यात चालू. त्याच्या दुकानात गुणी लेकरासारखं.

"घरात कोण बिडी-सिग्रेट ओढतंय काय, बाई? लई काजळी."

बघा. मी विचारलं नव्हतं, तो आपणहून म्हणाला. निघताना ठिपका तपासला. त्यानं बघितलं आणि त्याला राग आला. येऊ दे. एखादा दिवस मला पण माणसांवर भरवसा ठेवून बघायचाय, हा तो दिवस नाही.

शनिवार, १९ जुलै

गुरुवार, शुक्रवार धो धो. टेकावर जाताच आलं नाही, दिवसभर मशीनसमोर. दोन्ही दिवस मशीन ठणठणीत. म्हातारीची मुलाखत परत टाइप करून झाली.

आज उघाड. टेकावर गेले. आले. मशीन बंद, चालू केलं तर (initramfs).

आता काय पुरावा पाहिजे?

रविवार, २० जुलै

बोलले.

ठरवलं नव्हतं. दुपारी चौघं जेवायला बसलो होतो, कळकाच्या कोंबांची भाजी. वि. म्हणाला, "अक्का, तुझं काम होतंय नव्हं वेळेवर?" इतक्या साध्या आवाजात विचारलं त्यानं की माझं डोकंच फिरलं.

म्हटलं, "होऊ देतोस कुठं तू?"

"म्हंजे?"

"खोली पाहिजे तर तोंडानं माग. मी नसताना वायरी ओढून, आत बिड्या फुंकून मला घालवायला नको. बेंगळूरवाल्यांना झोपवायचंय ना तिथं? माणूस आणून दाखवलीस की खोली, मी बघितलंय."

आणखी बरंच बोलले. अप्पा गेल्यावर घर कुणी धरलं, याची फी कुणी भरली, सगळं. थांबायला पाहिजे होतं तिथं थांबले नाही.

वि.च्या कोपरापर्यंत चिखल वाळलेला, हातात घास. रेणुकाच बोलली. "अक्का, भाताची नट्टी चाललीय, कंबर मोडेपर्यंत वाकून लावणी करतोय आम्ही. तुमच्या त्या डब्यात फुंकायला येळ कुणाला हाय?" वि.नं घास ताटात ठेवला, हात धुतला आणि गेला.

आई खाली मान घालून भात कालवत बसली होती. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिलाही माहीत आहे आणि लेकाची बाजू घेतेय.

मंगळवार, २२ जुलै

वि. बोलत नाही. समोर आला की बाजूनं जातो. रे. चहा ठेवते, कप जरा जोरात. आई जेवत नाही धड.

काम अर्ध्याच्या पुढे आलंय. महिना संपत आला. दर दुपारी मशीन मारलं जातं, दर संध्याकाळी मी fsck करून उठवते. असं किती दिवस? उद्या टेकावर जायचंच नाही. जाते म्हणायचं आणि गोठ्यात बसायचं.

बुधवार, २३ जुलै

काय लिहू.

छत्री घेऊन, मोठ्यानं "जाऊन येते" म्हणून निघाले आणि मागून गोठ्यात शिरले. शेणात पाय, अंगावर गोचिडं, म्हैस माझं तोंड चाटतेय. वि. आणि रे. शेतात, लांबून दिसत होते दोघंही, वाकलेले. म्हणजे ते नाहीत. मग?

थोड्या वेळानं माझ्या खोलीच्या खिडकीतून धूर. आग लागली असं वाटून ओरडत धावले.

आई. घडवंचीवर माझा डबा, घडवंचीच्या खाली खापर, खापरात इस्तू, त्यावर ओवा, लसणीच्या साली, वावडिंग. वरून तिनं आपलं जुनं लुगडं पांघरलं होतं डब्यावर, धूर बाहेर जाऊ नये म्हणून. आणि ती शेजारी बसून, लुगड्याची कड धरून, धुरात डोळे पुसत. बाळंतिणीच्या खोलीत देतात तशी धुरी. पावसाळ्यात जन्मलेल्या पोराला देतात तशी.

यूपीएसचं बटण बंद. विस्तवाजवळ करंट नको, एवढं तिला कळतं. भिंतीचा प्लग काढला तर ते टीं टीं करतं म्हणून बटण दाबायचं, हेही तिनं शोधून काढलेलं.

"आई, हे काय करायलीस!"

दचकली. खापर लपवायला बघत होती. विस्तवाचं खापर, पदराखाली! मी हात धरला तेव्हा म्हणाली, "तूच म्हणलीस की गे. वल धरली की हे मरतंय. हे मेलं की तू बेळगावला जाणार. रोज जरा शेक दिला, म्हटलं, वल जाईल."

"रोज?"

"तू टेकाव गेलीस की. तू हात लावू देत न्हाईस म्हणून."

मी खाली बसले. हसू की रडू ते कळेना, आणि मग राग आला, खरा राग. "रविवारी तू समोर बसली होतीस! मी विष्णूला नाही नाही ते बोलले. तू एक शब्द का बोलली नाहीस?"

"भ्याले गे मी. तू एवढी वरडत होतीस. म्हटलं, आता मी केलंय म्हटलं तर आजच पिशवी भरून जाशील."

"आणि तो माणूस? विष्णू खोलीत घेऊन आला होता तो?"

"तो मिस्त्री की. खिडकीच्या फळ्या कुजल्यात, पाऊस आत येतोय तुझ्या टेबलावर, म्हणून बघायला आणला होता त्यानं."

खोलीत ओव्याचा वास भरून राहिलाय. लिहिताना खोकला येतोय.

गुरुवार, २४ जुलै

सकाळीच शेतात गेले. वि. चिखलात, रोपांच्या जुड्या फेकत होता. बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. आई, खापर, लसणीच्या साली. म्हटलं, चुकले मी. म्हटलं, तम्मा, भावा, चुकले.

हसेल असं वाटलं होतं. लहानपणी असल्या गोष्टीवर पोट धरून हसायचा.

जुडी टाकली, सरळ उभा राहिला. म्हणाला, "खोलीचं माझ्या डोस्क्यात न्हवतं, अक्का. देवाशपथ न्हवतं. तू घातलंस."

"अरे मी..."

"आता हाय. तीन रात्री मी आणि रेणुका तेच बोलायलोय. अक्का म्हणत्या ते खोटं न्हाई, चांगली खोली हाय, डोंगर दिसतोय, चार माणसं येतील. आम्हाला सुचलंच न्हवतं बघ."

मग परत वाकला आणि लावायला लागला. चिडून बोलला नाही. चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

खरंच ठरवलंय की मला टोचायला बोलला? रे.च्या तोंडाकडे बघितलं, ती पाठमोरी.

शनिवार, २६ जुलै

काल-आज मशीन सगळं खोललं. फ. टेकावरच्या फोनवर सांगत होती, मी ऐकून खाली येऊन करत होते, अडलं की परत वर. ग्राफिक्स कार्ड काढलं, त्याचेही दात काळे. खोडरबर. पंखा ब्रशनं. काजळी सुटता सुटेना, ओव्याचं तेल बसलंय त्यावर. सगळं परत बसवलं, आणि nomodeset न लिहिता चालू केलं.

आलं. पूर्ण पडदा, अक्षरं बारीक, स्वच्छ. ढब्बू काही नाही. टाळी वाजवली एकटीनंच.

फ. पोट धरून हसली. "तुझ्या आईला माझा सलाम सांग. एवढ्या वर्षांत ओव्यानं मेलेलं मशीन मी नाही बघितलं." मग म्हणाली, "खरं, पहिल्या दिवशी काय झालं होतं गे? तेव्हा तर धुरी नव्हती."

नव्हती. आई म्हणते, तू वल म्हणालीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मग ३ तारखेला अंधार कशानं? फ. म्हणते वलच असेल, खरंच. असेल. मी कुणाचं नाव घेत नाही. तोंड पोळलंय.

आईला सांगितलं, शेक पुरे, बरं झालंय ते. म्हणाली, "व्हय? बघ, धुरीनं गुण आला."

सोमवार, २८ जुलै

नागचतुर्थी. भावाचा उपवास. बेळगावात असताना कधी धरला, कधी विसरले. आज धरला. कुणाला सांगितलं नाही. रे.नं भात वाढायला घेतला तर नको म्हटलं. तिला कळलं, दारातून वि.कडे बघून आली. वारुळाला दूध घालायला तिघी गेलो, वाटेत रे. म्हणाली, "अक्का, पाय जपून, निसरडं हाय." तेवढंच.

तिचा राग गेलाय की खोलीचं ठरलंय म्हणून आता गोड बोलतेय? हा असला विचार आला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तरी येतो.

दिवसभर टाइपिंग. थोडं राहिलंय.

बुधवार, ३० जुलै

गेलं! सगळं गेलं. काजूखाली उभी राहून शेवटची फाइल वर चढेपर्यंत हलले नाही, पाय जळवांनी भरले. मॅडमचा लगेच निरोप, मिळालं, छान झालंय, पुढचं सोमवारी पाठवते, गावातूनच करा. गावातूनच करा! तिथंच मटकन बसले, ओल्या गवतात. कुणाला सांगू असं झालं. पळतच उतरले.

खोलीचं दार उघडं. मशीन चालू होतं, कुणी बंद केलं नव्हतं. आत विष्णू आणि रेणुका. त्याच्या हातात मिस्त्रीची टेप, तिनं दुसरं टोक भिंतीला धरलेलं. ही भिंत, मग ती. मग खिडकी ते दार. तो आकडे तळहातावर पेनानं लिहीत होता.

दारात मी. दोघं थांबले. बातमी माझ्या तोंडातच राहिली.

दहा दिवस झाले, शेतातलं ते बोलणं सोडलं तर तो माझ्याशी बोललेला नाही. आता टेबलाकडे बघत म्हणाला, "अक्का, तुझं हे टेबल केवढं लांब हाय गे?"

टेबल राहणार असेल तरी माप लागतं. टेबल बाहेर काढायचं असेल तरी माप लागतं. खिडकीखाली नवी फळी बसवायची असेल तरी. त्याच्या तोंडावरून काही कळेना. विचारायला जीभ उचलली होती, कशाला पाहिजे रे म्हणून. त्या रविवारी ज्या तोंडानं बोलले त्याच तोंडानं परत विचारायचं? आणि तो खरं ते सांगेल? आणि खरं ते मला ऐकायचंय?

मी पुढं झाले, टेपचं टोक त्याच्या हातातून घेतलं आणि टेबलाच्या कडेला धरलं. त्यानं वाचलं, हातावर लिहिलं.

"काम झालं तुझं?" रेणुकानं विचारलं.

"झालं," म्हटलं. "पुढचं सोमवारी येणार आहे."

"बरं," विष्णू म्हणाला. टेप गुंडाळली, आणि दोघं बाहेर पडवीत जाऊन हळू आवाजात बोलत बसलेत. मी इथं लिहितेय. बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत.